कापडी, सर्जिकल की एन-९५: आजीला ओपीडीत नेताना

घरात सत्तरी ओलांडलेलं, दम्याचा त्रास असलेलं माणूस असेल आणि त्याला दर महिन्याला ओपीडीच्या रांगेत बसावं लागत असेल, तर मास्कचा प्रश्न २०२२च्या गुढीपाडव्याला मिटलेला नाही. त्या दिवसापासून महाराष्ट्रात मास्क ऐच्छिक झाला, एवढंच. फ्लू आहे, आरएसव्ही, म्हणजे श्वसनमार्गाला गाठणारा आणखी एक विषाणू, आहे, कोरोनाही आहे. मग मेडिकलमधून आणायचं काय?

कापडी मास्कचं लवकर उरकते. शिंकेतले, खोकल्यातले मोठे थेंब तो बऱ्यापैकी अडवतो. बोलताना, श्वास सोडताना बाहेर पडून हवेत तरंगत राहणारे बारीक कण मात्र विणीतून निसटतात. ओढणी आणि रुमाल त्याहून विरळ. धुवून पुन्हा वापरता येतो, हे खरं. पण खोकणाऱ्या माणसांत तासभर बसायचं असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

खरी निवड सर्जिकल आणि एन-९५ यांतली. दोन्हींच्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचे अतिशय बारीक तंतू असतात. एन-९५मध्ये, आणि चांगल्या सर्जिकल मास्कमध्येही, या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो. त्यामुळे हा थर नुसती चाळणी राहत नाही. छिद्रांपेक्षा लहान कणही तंतूंना चिकटून बसतात. साबणाने धुतलं की हा भार जातो. मास्क स्वच्छ दिसतो, पण कामातून गेलेला असतो.

फरक पडतो तो कडांमुळे. सर्जिकल मास्क गालांपाशी उघडा राहतो आणि हवा सोपी वाट धरते, म्हणजे त्या फटीतून आत शिरते. एन-९५चा गाळणारा थर चाचणीत ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच त्याचा उपयोग. दाढी असेल तर तो बसत नाही. चष्म्यावर वाफ धरत असेल तर नाकापाशी फट आहे, पट्टी पुन्हा दाबा. माझ्या मते कानात अडकवायच्या मास्कपेक्षा डोक्यामागून दोन पट्ट्या जाणारा घ्यावा. तो जास्त घट्ट धरतो.

प्रत्यक्षात किती फरक पडतो? बांगलादेशातल्या ६०० गावांत, सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढांवर याची मोठी चाचणी झाली. मास्क वाटून, समजावून वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत लक्षणांसह झालेला, रक्ततपासणीत सिद्ध झालेला कोरोना ११ टक्क्यांनी कमी आढळला. साठीपुढच्यांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कच्या गावांत खात्रीने म्हणावा असा फरक दिसला नाही. निम्म्याहून जास्त लोक मास्कविना असताना हा परिणाम आहे, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

एन-९५ची बाजू इतकी ठळक सिद्ध झालेली नाही, हेही सांगायला हवं. कॅनडा, इस्रायल, पाकिस्तान आणि इजिप्तमधल्या सुमारे १००० आरोग्य कर्मचाऱ्यांच्या चाचणीत सर्जिकल वापरणाऱ्यांपैकी १०.५ टक्क्यांना, तर एन-९५ वापरणाऱ्यांपैकी ९.३ टक्क्यांना कोरोना झाला. फरक नगण्य, पण ही माणसं ड्यूटीनंतर घरी जात होती, बाजारात जात होती, आणि तिथली लागणही यात धरलेली आहे. म्हणून मी अजूनही बंद, कोंदट प्रतीक्षाकक्षासाठी एन-९५च सुचवेन.

आजीला त्यात दम कोंडल्यासारखं होत असेल तर अट्टाहास नको. तिला नीट बसणारा सर्जिकल द्या, खिडकीजवळची जागा बघा आणि एन-९५ तुम्ही घाला. तुम्हालाच सर्दी असेल तर तो आणखी गरजेचा, कारण विषाणू जिथून निघतो तिथेच अडवणं सोपं असतं. झडपेचा एन-९५ मात्र घेऊ नका. आत येणारी हवा त्यात गाळली जाते, पण तुमचा सोडलेला श्वास झडपेतून न गाळताच आजीकडे जातो.