जुनी जिप्सी उचलायची: लांब शॅकल की पाटे अ‍ॅक्सलवर?

मारुती जिप्सीचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कारखान्यातून अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, खाली बसवून येतात. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा) हा स्वस्त मार्ग, अर्ध्या दिवसाचं काम. पण हिशेब नीट समजून घ्या: शॅकल 2 इंच लांब केला, तर गाडी साधारण 1 इंचच उचलते. शिवाय पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असल्याने अ‍ॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) घटतो आणि वेगात स्टिअरिंग भरकटतं. पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये पाचर घालून हे सावरता येतं. इंचभरापलीकडे या वाटेने जाऊच नये.

पाटे अ‍ॅक्सलवर घेतले की साधारण 5 इंच उंची मिळते, पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे, खाली लोंबणारे यू-बोल्टही वर जातात. मात्र खरं काम इथूनच सुरू होतं. अ‍ॅक्सलवर पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड करण्याआधी पिनियनचा (प्रॉपेलर शाफ्ट ज्या गिअरला जोडतो त्याचा) कोन ठरवा. वेल्डिंगचे टाके थांबून थांबून मारा, नाहीतर उष्णतेने अ‍ॅक्सलची नळी वाकते. ब्रेकचे होज लांब हवेत, इंजिनाची ताकद अ‍ॅक्सलला नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टला लांबी भरून काढणारा स्पेसर हवा. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) पाट्याला घासते, म्हणून स्टिअरिंग आर्म वर न्यावा लागतो. लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) जोर लावला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळतो, म्हणून मागे अ‍ॅक्सलला पिळू न देणारा टॉर्क आर्म हवाच.

डिफरन्शियलखालची (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या फुगवट्याखालची) जागा दोन्हींत वाढत नाही. ती फक्त मोठ्या टायरने वाढते. थोडा मोठा टायर बसवण्यापुरता शॅकल पुरतो. खडकाळ ओढ्यांतच गाडी घालायची असेल, तर पाटे अ‍ॅक्सलवर घेण्याचा दुसरा मार्ग. फक्त आडव्या उतारावर ती लवकर कलंडते, हे चालवताना लक्षात असू द्या.