क्रॅप्स टेबलचा रिव्ह्यू: चांगली बेट शोधावी लागते, वाईट बेट ओरडून विकतात

कॅसिनोत सगळ्यात जास्त आरडाओरडा जिथून ऐकू येतो ते बहुतेक वेळा क्रॅप्सचं, म्हणजे दोन फाशांच्या जुगाराचं, टेबल असतं, आणि नवीन माणूस तिथे जाऊन दोन मिनिटं उभा राहतो, कापडावर छापलेले ते चौकोन नि आकडे बघतो आणि गुपचूप स्लॉट मशीनकडे वळतो. म्हणून हा रिव्ह्यू. कुठल्या एका कॅसिनोचा नाही, टेबलचाच, म्हणजे त्यावर जेवढ्या बेट्स विकायला मांडल्यात त्या सगळ्यांचा. बेट म्हणजे शेवटी मालच आहे, त्याला भाव आहे, फक्त तो भाव कुठे लिहिलेला नसतो. त्या भावाला म्हणतात हाउस एज: 100 चिप लावल्या तर लांबच्या हिशोबात सरासरी किती कॅसिनोकडे राहतात. क्रॅप्सची गंमत अशी की एकाच टेबलवर शून्य टक्के एजची बेट पण आहे आणि जवळपास 17 टक्क्यांची पण आहे, आणि दोन्ही लावणारे खांद्याला खांदा लावून उभे असतात.

आधी एक गणित, एकदाच करून टाका. दोन फासे 36 प्रकारे पडतात. त्यात 7 येतो 6 प्रकारे, 6 आणि 8 प्रत्येकी 5 प्रकारे, 5 आणि 9 प्रत्येकी 4, 4 आणि 10 प्रत्येकी 3, 3 आणि 11 प्रत्येकी 2, आणि 2 नि 12 एकेकच प्रकारे. टेबलवरची प्रत्येक बेट या आकड्यांतूनच निघते, त्यामुळे कोणी काही विकायला आलं की मनात एवढंच विचारायचं, जिंकायचे प्रकार किती, हरायचे किती आणि देतायत किती.

पास लाइनपासून सुरुवात करा, दुसरीकडे बघू पण नका. टेबलच्या कडेने जी लांब पट्टी जाते तीच. पहिल्या दानाला कम-आउट म्हणतात. 7 किंवा 11 पडलं तर तिथल्या तिथे जिंकलात, 2, 3 किंवा 12 पडलं तर गेले, आणि 4, 5, 6, 8, 9, 10 यातलं काही पडलं तर तो झाला पॉइंट. मग डीलर पक नावाची गोल चकती पांढऱ्या बाजूने, म्हणजे ऑन करून, त्या आकड्यावर ठेवतो आणि आता 7 च्या आधी तोच आकडा परत यायला हवा. पैसे एकास एक. एज 1.41 टक्के, जिंकायचा चान्स 49.3 टक्के, म्हणजे नाणं उडवण्याच्या अगदी जवळ. एक अट मात्र आहे जी पट्टीवर छापलेली नसते: पॉइंट लागल्यावर ही बेट उचलता येत नाही. कारण साधं आहे, कम-आउटला जिंकायचे 8 प्रकार आणि हरायचे फक्त 4, तो भाग तुमच्या बाजूचा, आणि पॉइंट लागल्यावरचा भाग कॅसिनोच्या बाजूचा. पहिला भाग खाऊन दुसऱ्याच्या वेळी हात धुवून निघून जाऊ देणार नाहीत ना. पाचपैकी साडेचार स्टार.

डोन्ट पास म्हणजे साधारण याच्या उलट, आणि एज किंचित कमीच, 1.36 टक्के. कम-आउटला 2 नि 3 वर जिंकता, 12 आलं तर बरोबरी, 7 नि 11 वर हरता. ती 12 ची बरोबरी म्हणजेच कॅसिनोची कमाई, ती नसती तर हा धंदा त्यांना तोट्यात गेला असता. पॉइंट लागला की मग मात्र फेव्हरिट तुम्ही, पॉइंट 4 किंवा 10 असेल तर दोनास एक चान्स तुमच्या बाजूने. आणि ही बेट मधेच उचलायची असेल तर कॅसिनो आनंदाने उचलू देतं, यावरूनच समजून जा की उचलायची नसते. अडचण गणिताची नाही, माणसांची आहे. सगळं टेबल पॉइंट येवो म्हणून ओरडतंय आणि तुम्ही एकटे 7 ची वाट बघताय, 7 पडला की सगळ्यांचे चेहरे पडतात आणि तुमच्यापुढे चिप सरकतात. त्या 0.05 टक्क्यासाठी एवढ्या नजरा झेलायच्या का हे ज्याचं त्याने ठरवावं, मी पास लाइनवरच असतो.

आता या टेबलवरची सगळ्यात भारी वस्तू, आणि ती बहुतेक ठिकाणी कापडावर छापलेलीच नसते. ऑड्स. पॉइंट लागल्यावर आपल्या पास लाइनच्या चिपच्या मागे, पट्टीच्या बाहेर, अजून चिप ठेवायच्या. यावर मिळणारा भाव एकदम खरा: 4 नि 10 ला दोनास एक, 5 नि 9 ला 3 ला 2 (म्हणजे 2 लावले तर 3 मिळतात), 6 नि 8 ला 6 ला 5. हाउस एज शून्य. छापील चौकोन नाही, कोणी ओरडून सांगत नाही, बरेच लोक रात्रभर पास लाइन खेळून ऑड्स न लावताच घरी जातात. समजा पास लाइनवर 10 चिप आहेत, कम-आउटला 8 पडला, पक 8 वर गेला, तुम्ही मागे 20 ठेवल्या. पुढचं दान 5, काही फरक नाही. मग 11, काही फरक नाही, पण शेजारचा कोणीतरी नाचतो. मग 6 आणि 2, आठ. पुढच्या 10 वर 10 मिळाल्या आणि मागच्या 20 वर 24, एकूण 34 ची कमाई. यात कॅसिनोचा जो काही कट आहे तो फक्त पुढच्या 10 वर होता, मागच्या 20 वर काहीच नाही, त्यामुळे दुप्पट ऑड्सने खेळलात तर एकूण पैशांवर एज 0.6 टक्क्याच्या आसपास येते.

ऑड्स किती लावता येतात हे टेबलवर छोट्या पाटीवर असतं. 3-4-5 असं दिसलं तर घाबरू नका, 4 नि 10 वर तिप्पट, 5 नि 9 वर चौपट, 6 नि 8 वर पाचपट. हे विचित्र वाटतं पण हिशोब सुंदर आहे, पूर्ण ऑड्स लावल्यात तर कुठलाही पॉइंट आला तरी ऑड्सवरची कमाई पास लाइनच्या बरोबर 6 पटच होते. डीलरलाही डोकं चालवावं लागत नाही. ऑड्सला पाच स्टार, पण एक टीप: शून्य एज म्हणजे फुकट पैसे नाहीत, चढउतार मोठे होतात, 7 आला की मागचा ढीग पण जातो. खिशात जेवढं हरायला आणलंय त्यात बसत असेल तरच लावा, नाहीतर पास लाइनची रक्कमच कमी करा आणि उरलेलं मागे ठेवा.

कम बेट म्हणजे पास लाइनच, फक्त पॉइंट लागलेला असताना मधूनच सुरू केलेली, पुढचं दान तिच्यासाठी कम-आउट. एज तीच, ऑड्स पण लागतात. नवीन माणूस एका ठिकाणी गोंधळतो: पॉइंट जिंकून नवीन कम-आउट सुरू झाला आणि लगेच 7 पडला तर पास लाइन जिंकते पण आधीच्या कम बेट्स जातात, त्यांच्यावरचे ऑड्स मात्र त्या दानाला बंद धरलेले असतात म्हणून परत मिळतात. डीलर चूक करत नाहीये, उगाच भांडू नका.

प्लेस बेट लोकांना आवडते कारण वाट बघायची नाही, थेट आकडा निवडायचा, 7 च्या आधी तो आला की जिंकलात. इथे मात्र एकाच दुकानात दोन भाव आहेत. 6 आणि 8 वर 7 ला 6 मिळतात, एज 1.52 टक्के, चांगला माल. 5 आणि 9 वर 7 ला 5, एज 4 टक्के, कामचलाऊ. 4 आणि 10 वर 9 ला 5, एज 6.67, सोडून द्या. (7 ला 6 म्हणजे 6 लावले तर 7 मिळतात, बोलताना लोक असंच उलटसुलट बोलतात.) आणि 6 किंवा 8 वर लावायचं तर 6 च्या पटीतच लावा, 6, 12, 18. 5 चिप लावल्या तर साधारण एकास एकच देतात, म्हणजे एका चिपच्या आळसापायी चांगल्या बेटची वाईट बेट झाली. किती वाईट ते बघायचं असेल तर कोपऱ्यातला बिग 6 आणि बिग 8 बघा. तोच आकडा, 7 च्या आधी यायची तीच अट, पण एकास एक. एज 9.09 टक्के. दोन वीत अंतरावर तीच वस्तू सहा पट स्वस्तात मिळत असताना हा चौकोन अजूनही काही टेबलांवर छापतात आणि त्यावर चिपही दिसतात, याला काय म्हणायचं.

फील्ड बघायला फार मोहक. 2, 3, 4, 9, 10, 11, 12, अकरा आकड्यांपैकी सात तुमचे, एका दानात निकाल. पण प्रकार मोजा, जिंकायचे 16 आणि हरायचे 20, कारण 5, 6, 7, 8 हे चारच आकडे निम्म्याहून जास्त वेळा पडतात. 2 नि 12 ला दोन्हीकडे दुप्पट देत असतील तर एज 5.56 टक्के, त्यातल्या एकाला तिप्पट देत असतील तर बरोबर निम्मी, 2.78. त्यामुळे चौकोनात काय लिहिलंय ते आधी वाचायचं आणि मगच हात पुढे करायचा.

आता टेबलच्या मधोमधचा बाजार. तिथे काठीवाला उभा असतो, स्टिकमन, फासे काठीने ओढून शूटरकडे, म्हणजे फासे टाकणाऱ्याकडे, देतो आणि सोबत माल पण खपवतो, हार्डवे घ्या, यो घ्या, हॉर्न घ्या (हॉर्न म्हणजे 2, 3, 11, 12 या चारींवर एकत्र बेट). आवाज छान असतो, टायमिंग पण भारी, आणि सगळ्यात महाग माल त्याच्याच पुढ्यात मांडलेला असतो. हार्ड 8 म्हणजे 4-4 असाच 8 यायला हवा, 7 च्या आधी आणि साध्या 8 च्याही आधी. जिंकायचा प्रकार 1, हरायचे 10, देतात 9. एज 9.09. हार्ड 4 नि 10 ची एज 11.11. यो म्हणजे 11, एका दानात, 15 देतात जिथे खरा भाव 17 आहे, परत 11.11. 2 किंवा 12 वर 30 देतात, खरा भाव 35, एज 13.89. आणि काही टेबलांवर 30 टू 1 ऐवजी 30 फॉर 1 लिहिलेलं असतं, त्यात तुमची स्वतःची चिप धरूनच 30, म्हणजे खरी कमाई 29, हे बारीक अक्षर नजरेतून सुटतंच.

सगळ्यात वरचा नंबर एनी सेव्हनचा. पुढच्या दानात 7 येईल, देतात 4, खरा भाव 5, एज 16.67 टक्के. शिवाय या बेटचा निकाल दर दानाला लागतो हे विसरू नका, पास लाइनचा निकाल लागायला सरासरी 3.4 दानं जातात. म्हणजे 100 दानं पडली आणि तुम्ही प्रत्येकावर एकेकच चिप एनी सेव्हनवर टाकत राहिलात तर सरासरी 16-17 चिप गेल्या. त्याच 100 दानांत पास लाइनवर सतत 10-10 चिप ठेवणाऱ्याच्या सरासरी 4 जातात. दहा पट मोठी बेट आणि चौथा हिस्सा खर्च! एक स्टार, तो पण काठीवाल्याच्या आवाजाला.

सर्व्हिसबद्दल थोडं. चार माणसं टेबल चालवतात, मधे बसलेला बॉक्समन, काठीवाला आणि दोन टोकांना दोन डीलर. गर्दी नसेल तर डीलर मनापासून शिकवतात, ऑड्स कुठे ठेवू विचारलं तर व्यवस्थित दाखवतात. गर्दीत विचारलंत तर उत्तर मिळेल पण अर्धं. पैसे हातात द्यायचे नाहीत, टेबलवर ठेवायचे. फासे एकाच हाताने उचलायचे, आणि समोरच्या भिंतीला लागलेच पाहिजेत, त्या भिंतीवर रबराचे टोकदार उंचवटे असतात ते फासे नीट उडावेत म्हणूनच. फासेही पारदर्शक, धारदार कडांचे, वर सिरियल नंबर, त्यामुळे हाताच्या सफाईने 7 टाळतो म्हणणाऱ्यांचे क्लास लावायच्या भानगडीत पडू नका. 2009 मध्ये अटलांटिक सिटीच्या बोर्गाटामध्ये एका बाईंनी सेव्हन-आउट व्हायच्या, म्हणजे पॉइंट लागलेला असताना 7 पडून पाळी संपायच्या, आधी 154 दानं टाकली, चार तासांच्या वर, आणि त्या नेहमीच्या क्रॅप्स खेळणाऱ्या पण नव्हत्या. असं होतं. पण त्यातल्या प्रत्येक दानाला 7 चा चान्स सहात एकच होता.

ज्यांना माणसांसमोर लाज वाटते त्यांच्यासाठी बबल क्रॅप्सचं मशीन आहे, काचेसारख्या घुमटाखाली मोठे फासे उडतात, बटण तुम्ही दाबता. कमीत कमी बेट सहसा टेबलपेक्षा लहान, विचार करायला वेळ मिळतो, काठीवाला नाही आणि मागे उभं राहून सल्ले देणारा काका पण नाही. पण स्क्रीनवर पेआउटचं पान उघडून 6 नि 8 च्या प्लेसला 7 ला 6 च देतायत का आणि ऑड्स किती पट लावू देतायत हे बघा, सगळ्या मशीनवर सारखं नसतं. शिकायला चार स्टार, मजेला दोन, कारण 8 पडल्यावर शेजारी नाचणारं कोणी नसतं.