जुन्या गोव्याचे ख्रिस्ती कला संग्रहालय: श्रद्धा एकाची, हात दुसऱ्याचे

जुन्या गोव्याला जाणारे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक बॉम जेझूस बॅसिलिका पाहतात, रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल पाहतात आणि लगेच मंगेशीच्या किंवा पणजीच्या वाटेला लागतात. बॅसिलिकेच्या पश्चिमेला चढ चढून गेले की सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चचा एकाकी मनोरा दिसतो आणि त्याच्यासमोर जाडजूड टेकूंनी तोलून धरलेला सांता मोनिकाचा मठ उभा आहे. या मठाच्या चर्चमध्ये ख्रिस्ती कला संग्रहालय आहे. ख्रिस्ती श्रद्धा आणि कलानिर्मिती यांचा एकमेकींशी नेमका काय संबंध असतो, हा प्रश्न ज्याला कधी पडला असेल, त्याने गोव्यात एकच संग्रहालय पाहायचे ठरवले तर ते हे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संग्रहालयाची सुरुवात येथे झाली नाही. १९९४ साली ते दक्षिण गोव्याच्या सासष्टीतील रायतूरच्या, म्हणजे राशोलच्या, सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) सुरू झाले. हे रायतूर मराठी वाचकाला परके नाही, कारण फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तेथेच छापले गेले. मूळच्या इंग्रज जेझुइट पंथीय धर्मगुरूने बायबलची कथा मराठी ओवीत बांधली, ती ज्या परिसरात छापली गेली, त्याच परिसरात पुढे धातू, लाकूड आणि हस्तिदंत यांतून सांगितलेल्या त्याच कथा एकत्र याव्यात, हे मला तरी उचित वाटते. मात्र रायतूर प्रवाशांच्या नेहमीच्या वाटेवर नसल्याने २००२ मध्ये संग्रह सांता मोनिकात हलवण्यात आला. पुढे काही वर्षे नूतनीकरणासाठी बंद राहिलेले हे संग्रहालय २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. या कामात लिस्बनच्या गुल्बेंकियन प्रतिष्ठानाचा मोठा वाटा आहे.

संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे सतराव्या शतकातील पाणकोळी पक्ष्याच्या आकाराचे पात्र. ख्रिस्ताचे शरीर मानली जाणारी मिस्सेतील पवित्र भाकर जपून ठेवणे आणि ती भाविकांच्या दर्शनासाठी मांडणे, अशी दोन्ही कामे हे एकच पात्र करी. पाणकोळी आपल्याच छातीला चोच मारून त्या रक्तावर पिले जगवतो, अशी युरोपात जुनी समजूत होती आणि त्यामुळे तो पक्षी ख्रिस्ताच्या बलिदानाचे चिन्ह ठरला. गोव्याच्या कारागिराने तो घडवला तेव्हा त्याच्या हातून उतरला तो मानेचा डौलदार बाक असलेला, आपल्या समईच्या टोकावरील हंसाशी सहज नाते सांगणारा पक्षी. येथे थोडे सावध राहिले पाहिजे, कारण युरोपातील चित्रांतही हा पक्षी खऱ्या पाणकोळ्यासारखा क्वचितच दिसतो. तेव्हा प्रत्येक वेगळ्या रेषेचे श्रेय भारतीय परंपरेला देण्याची घाई करू नये. तरीसुद्धा या वस्तूच्या अगदी जवळ जाऊन पाहिले की घडवणाऱ्याला ते चिन्ह नमुन्यावरून कळले होते आणि पक्षी मात्र स्वतःच्या सवयीतून सुचला होता, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

हा घडवणारा कोण होता, हा प्रश्न संग्रहालयातील जवळजवळ प्रत्येक वस्तूसमोर उभा राहतो आणि माझ्या दृष्टीने या भेटीचे खरे मोल त्यातच आहे. १५६७ हे वर्ष गोव्याच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी सासष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडली गेली आणि त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने ख्रिस्ती पूजेच्या मूर्ती आणि चित्रे बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत, असे ठरवले. ज्याचा ख्रिस्तावर विश्वास नाही त्याच्या हातून ख्रिस्ताची मूर्ती घडणे हे पावित्र्याला बाधक आहे, असा त्यामागचा विचार होता. असे मनाईचे हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरूनच ते कितपत पाळले जात होते हे कळते. चर्च आणि मठ झपाट्याने उभे राहत होते, वेद्या सजवायच्या होत्या, चांदीची पात्रे हवी होती, आणि ते काम ज्यांना पिढीजात येत होते ते सोनार, सुतार आणि कोरीवकाम करणारे बहुतांशी हिंदू होते किंवा नुकतेच बाटलेले होते. गोव्याच्या सोनाराच्या हाताची कीर्ती तर त्याही आधी समुद्रापार गेली होती. १५२० च्या आगेमागे येथील एक सोनार लिस्बनमध्ये पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्या पदरी काम करीत होता.

त्यामुळे येथील वस्तूंकडे ‘ख्रिस्ती श्रद्धेची अभिव्यक्ती’ असे एका शब्दप्रयोगात बोट दाखवून मोकळे होता येत नाही. श्रद्धा मागणी करणाऱ्याची होती, नमुना युरोपातून आलेल्या छापील चित्राचा होता, चांदी आणि हस्तिदंत व्यापारी जहाजांतून आलेले होते, आणि हात अशा माणसाचा होता ज्याचे ग्रामदैवत कदाचित पोर्तुगीज हद्दीबाहेर, नदीपलीकडे हलवावे लागले होते. या माणसाने काम मन लावून केले, हे वस्तू पाहताच दिसते. त्याच्या मनात काय होते, ते दिसत नाही, आणि ते आपण आपल्या सोयीने भरून काढू नये. काही लेखक याला दोन संस्कृतींचा गोड मिलाफ म्हणतात, तर काही जण केवळ जुलमाची निशाणी म्हणतात. वस्तूसमोर उभे राहून मला दोन्ही मते अपुरी वाटतात.

गोव्यातील हस्तिदंती कामाकडे विशेष सवड काढून पाहावे. हा हस्तिदंत बहुतांशी पूर्व आफ्रिकेतून, मोझांबिकच्या बाजूने येत असे. क्रूसावरील येशूच्या हस्तिदंती मूर्तीत धड सुळ्याच्या एका तुकड्यातून कोरलेले असते आणि सुळ्याचा नैसर्गिक बाक मूर्तीच्या अंगात तसाच उतरतो. हात वेगळे कोरून खांद्याशी जोडलेले असतात आणि तो सांधा नीट पाहिल्यास दिसतो. म्हणजे वेदनेने वाकलेले शरीर म्हणून आपण ज्याकडे पाहतो, त्याची मूळ रेषा हत्तीच्या सुळ्याची असते आणि कारागिराने ती अडचण न मानता तिचाच अर्थ केलेला असतो. याच परंपरेतला दुसरा प्रकार म्हणजे ‘उत्तम मेंढपाळ’. हा प्रकार गोव्यात सतराव्या शतकात विपुल घडला आणि त्याचे नमुने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयापर्यंत पोहोचले आहेत. पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरावर बाल येशू बसलेला असतो, मेंढरू जवळ असते, डोके एका हातावर टेकलेले असते आणि डोळे मिटलेले असतात. खाली झऱ्यावर पाणी पिणारे पक्षी आणि अगदी तळाच्या गुहेत आडवी होऊन ग्रंथ वाचणारी येशूची शिष्या मरिया माग्दालेना असते. हे ध्यानस्थ मूल पाहून बुद्धाची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि अभ्यासकांनीही ती काढलेली आहे. मला मात्र त्याहून अधिक लक्षणीय वाटतो तो खालचा डोंगर, कारण जिवंत प्राणी, पाणी, वेली आणि माणसे यांची ती दाटी देवळाच्या शिल्पात वाढलेल्या नजरेलाच सुचली असती.

आता एक हरकत, जी या संग्रहालयापुरती नसून अशा प्रत्येक संग्रहालयाला लागू आहे. दर्शनाचे पात्र मेणबत्त्यांच्या उजेडात, धुपाच्या धुरात, गुडघे टेकलेल्या माणसांच्या डोक्यावर उंच धरले जाण्यासाठी घडवलेले असते. ते काचेमागे स्थिर ठेवले की त्याची कारागिरी कळते आणि प्रयोजन हरवते. उलट वेदीवर असताना ते प्रयोजनाने भारलेले असते, पण सामान्य भाविकाला त्यावरचे बारीक उठावकाम कधीच दिसत नाही. यातले काय जास्त मोलाचे, हे ज्याने त्याने ठरवावे. मला मठाच्या चर्चमध्येच संग्रह मांडण्याचा निर्णय यासाठी योग्य वाटतो की मान वर केल्यावर दिसणारी कमान आणि भोवतालची शांतता त्या हरवलेल्या प्रयोजनाचा थोडा तरी अंदाज देतात.

इमारतीविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. मठाची स्थापना १६०६ मध्ये आर्चबिशप आलेशू द मेनेझीस यांनी केली, बांधकाम १६२७ मध्ये पुरे झाले, १६३६ च्या आगीनंतर ते पुन्हा उभे करावे लागले, आणि १९६४ पासून येथे धर्मभगिनींच्या शिक्षणाची मातेर देई संस्था चालते. बेबिंका हा पदार्थ येथल्याच एका भगिनीने प्रथम केला, असे गोव्यात सांगतात. दंतकथा खरी असो वा नसो, श्रद्धेपोटी होणाऱ्या निर्मितीत थरावर थर भाजत बसण्याचा धीरही मोजायला कोणाची हरकत नसावी.

संग्रहालयाचा भर जुन्या वस्तूंवर असल्यामुळे विसाव्या शतकात या प्रश्नाने घेतलेले वळण पाहण्यासाठी पणजीजवळच्या पर्वरीला जावे लागते. तेथील झेव्हियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेत आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. सांत इस्तेव बेटावर १९०२ मध्ये जन्मलेला हा कॅथलिक चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला आणि परत येऊन त्याने मरियेला साडी नेसवली, येशूला भारतीय माणसांत बसवले. गोव्याच्या तत्कालीन ख्रिस्ती समाजाला आणि धर्माधिकाऱ्यांना ते मानवले नाही. अखेर फोन्सेका पुण्याला आले, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला आणि १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चित्रे काढत राहिले. १५६७ मध्ये आक्षेप असा होता की हात हिंदू आहे. १९३० नंतर आक्षेप असा आला की हात ख्रिस्ती असूनही चित्र हिंदू दिसते. दोन्ही वेळा चित्र किंवा मूर्ती कशी उतरली आहे, याकडे आक्षेप घेणाऱ्यांचे लक्ष नव्हते. पुण्यातल्या वाचकांनी तरी पर्वरीची ही फेरी चुकवू नये.

एक सूचना करावीशी वाटते. जुन्या वस्तूंवर कारागिराचे नाव नसते, त्याला कोणाचा इलाज नाही. पण सोनाराची कार्यशाळा, ठोकण्याची आणि कोरण्याची हत्यारे, सुळ्यापासून मूर्तीपर्यंतचे टप्पे यांना वाहिलेला स्वतंत्र, ठळक विभाग अशा संग्रहाला जितका शोभेल तितका दुसऱ्या कशाला शोभणार नाही. नाव नसले तरी काम करण्याची रीत दाखवता येते.

भेटीचा क्रम मी असा सुचवेन. सकाळी प्रथम संग्रहालयात जावे, घाई करू नये, मुलांना पाणकोळ्याची गोष्ट आधीच सांगून ठेवावी. शेजारच्या ऑगस्टीनच्या अवशेषांत ऊन चढायच्या आत फिरून घ्यावे आणि मग उतरून बॉम जेझूसमध्ये यावे. सेंट फ्रान्सिस झेव्हियरची संगमरवरी समाधी फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने केली आणि १६९८ मध्ये ती येथे उभारली गेली; तिच्यावर ठेवलेली चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्या सोनारांनी घडवली. समाधी करणाऱ्याचे नाव मार्गदर्शक न विचारता सांगतात, पेटीच्या वेळी ‘स्थानिक कारागीर’ एवढेच ऐकू येते. पेटीच्या बाजूंवर संताच्या चरित्रातील प्रसंग उठावात कोरलेले आहेत, पण ती इतकी उंच आहे की खालून नुसती चकाकी दिसते. घरात लहानशी दुर्बीण असेल तर ती सोबत न्यावी.