रीफर कंटेनरने द्राक्षं पाठवली: 7 खेपांनंतरचा अनुभव (आणि एका पुठ्ठ्याचं प्रकरण)

18 मार्चला दुपारी रॉटरडॅमहून आयातदाराचे 14 फोटो आले. पहिल्याच फोटोत काय ते कळलं. घडाचे देठ उदबत्तीच्या काडीसारखे तपकिरी, पनेटच्या (प्लास्टिकच्या छोट्या डब्याच्या) तळाशी गळलेले मणी, आणि एका पेटीत तर राखाडी बुरशीचा कापूस. हा आमचा चौथा रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या मशीनचा कंटेनर. त्या रात्री जे लिहायला बसलो होतो त्यात शिपिंग लाईनला (जहाज कंपनीला) पाचपैकी एकही तारा दिला नव्हता. बरं झालं कुठे टाकलं नाही. अर्धं मागे घ्यावं लागलं असतं. अर्धंच.

आमचं निफाड तालुक्यात छोटं पॅकहाऊस आहे, 9 शेतकऱ्यांचा गट. 2024 च्या हंगामात जानेवारीअखेर ते एप्रिल असे 7 कंटेनर न्हावाशेव्यातून गेले. सगळे 40 फुटी हायक्यूब (जादा उंचीचे), थॉमसन जातीची द्राक्षं, 500 ग्रॅमचे पनेट, 20 पॅलेट (पेट्या रचायच्या लाकडी फळ्या). सेट पॉईंट, म्हणजे मशीनवर लावलेलं तापमान, शून्य अंश. बाकी आकडेवारी तुम्हाला पाठ असेल, ती उगाळत नाही.

आधी चांगलं सांगतो, कारण ते लवकर संपतं. कॅरियर, थर्मो किंग, डायकिन, स्टार कूल, कुणाचंही मशीन लागो, मला फरक दिसला नाही. सातपैकी एकही बंद पडलं नाही, तेही त्या हंगामात. 2021 च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' ही बोट सुवेझ कालव्यात आडवी अडकली तेव्हा त्या सहा दिवसांत आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. 2024 मध्ये लाल समुद्रात जहाजांवर हल्ले होण्याच्या भानगडीमुळे जहाजं सरळ आफ्रिकेला वळसा घालून गेली. एरवी तीन-साडेतीन आठवड्यांत पोचणाऱ्या मालाला 36 ते 41 दिवस लागले. एवढे दिवस मशीन शून्यावर चालत राहतं, याचं कौतुक करायलाच हवं.

आता चौथा कंटेनर. 9 फेब्रुवारीला भरला, 38 दिवसांनी उघडला. लाईनकडे तापमानाचा रिपोर्ट मागितला, तर आला तो आलेख एकदम इस्त्री केलेला. मशीनमधून सुटणारी हवा शून्य, परत येणारी 0.4. आम्ही दरवाज्याजवळच्या पॅलेटला लावलेला 1,300 रुपयांचा लॉगरही (तापमान नोंदवणारं यंत्र) तेच सांगत होता. म्हणजे हवा गार, मशीन गार, आणि माल सडका! लाईनचा माणूस फोनवर म्हणाला, "सर, आमचं युनिट माल गार करत नाही, गार माल गार ठेवतं. बिल ऑफ लेडिंगच्या मागे लिहिलंय." जहाज कंपनीच्या त्या माल-पावतीमागचं मुंगीएवढं छापलेलं कोण वाचतं? वर हेही ऐकवलं की बाहेरून न दिसणारं नुकसान 3 दिवसांत लेखी कळवायचं असतं, तुमच्या आयातदाराचा मेल चौथ्या दिवशी आलाय. (नवख्यांनी हे 3 दिवस भिंतीवर लिहून ठेवा. फोटो काढायला सवड नव्हती हे कारण कुणी ऐकून घेत नाही.)

मी चिडलो. इतका चिडलो की जन्मात केला नसता असा खर्च केला. सिम असलेला लॉगर, 4,500 रुपये, एकदाच वापरायचा. उद्देश शुद्ध सूडाचा होता. पाचवा कंटेनर तेव्हा समुद्रात होता, म्हणून 24 मार्चला भरलेल्या सहाव्यात तो ठेवला. नेहमीसारखा दरवाज्याशी लटकवला नाही. दहाव्या पॅलेटच्या मधल्या थरातली पेटी उघडून पनेटांच्या मध्ये खुपसला. शिवाय दरवाज्याशी नेहमीचा होताच. लाईनला रंगेहाथ पकडायचं होतं.

जहाज लांबलं आणि कंटेनर बंदराच्या यार्डात 4 दिवस प्लगवर (बंदराच्या विजेवर) पडून राहिला. त्याचं बिल वेगळं आलं, त्यावर नंतर बोलतो. पण त्या चार दिवसांत मध्येमध्ये रेंज मिळत होती आणि मोबाईलवर आकडे येत होते. भरताना मण्यात थर्मामीटरची सुई टोचून बघितलं होतं तेव्हा 1.8 होतं. चौथ्या दिवशी मधल्या पेटीत 1.9. लाईनच्या रिपोर्टमध्ये मात्र परत येणारी हवा 0.2. एकाच कंटेनरमध्ये दोन ऋतू.

सगळ्या भानगडीचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. गार हवा मशीनमधून खाली सुटते, टीच्या आकाराच्या पट्ट्यांच्या जमिनीखालून दरवाज्याकडे सरकते, पेट्यांच्या भोकांतून वर चढते आणि छताखालून परत जाते. 20 पॅलेट लावले की एका ओळीत 11, दुसरीत 9 बसतात आणि दरवाज्याशी दीड हात जमीन उघडी राहते. हवेला काय, आपल्यासारखीच आळशी. तेरा टन द्राक्षांतून वाट काढण्यापेक्षा ती थेट तिथवर जाते, मोकळ्या फटीतून वर येते आणि गारच्या गार परत मशीनकडे. मशीनला वाटतं माल थंड झाला. आमचा लॉगर नेमका त्या फटीशी लटकलेला, त्यालाही तेच वाटतं. सगळे खूश. मधल्या पॅलेटमधली द्राक्षं मात्र श्वास घेतायत, उष्णता सोडतायत, आणि तिकडे कुणी फिरकत नाही.

उपाय काय? पुठ्ठा. त्या उघड्या पट्टीवर पुठ्ठा अंथरायचा आणि शेवटच्या पॅलेटला चिकटवून थोडा वर दुमडायचा. बस. 8 एप्रिलला सातवा कंटेनर भरताना आम्ही फाटक्या पेट्या उलगडून तेवढंच केलं. मुकादम म्हणाला, "भाऊ, लाखांच्या मालाला हे रद्दीचं ठिगळ?" भरताना 1.6 असलेलं मधल्या पेटीतलं तापमान दुसऱ्या दिवशी 0.4 वर आलं. माझ्याकडे त्याचा स्क्रीनशॉट आहे, येईल-जाईल त्याला दाखवतो. मे महिन्यात माल उतरला तेव्हा देठ हिरवे होते.

एवढ्या महागड्या भाड्यात हे दीड हात झाकायची सोय लाईनने का करू नये, हा माझा प्रश्न अजून कायम आहे. कंटेनरच्या आतल्या भिंतींवर माल किती उंचीपर्यंत भरायचा त्याची लाल रेघ ओढतात, तर खाली 'इथे पुठ्ठा टाका' एवढं लिहायला काय होतं?

आता जे सांगायचं टाळत होतो ते. चौथा कंटेनर भरला त्या दिवशीची मुकादमाची वही नंतर चाळली. मण्यातलं तापमान: 3.8. बाकीच्या खेपांत दीड-पावणेदोन. त्या दिवशी गाडी सकाळीच येऊन उभी राहिली, बंदराची कटऑफ (कंटेनर घेण्याची शेवटची वेळ) जवळ होती, आणि प्रीकूलिंगमधला (भरण्याआधी गार करायला ठेवलेला) माल दोन तास आधी काढायला मीच सांगितलं होतं. म्हणजे आधीच गरम माल आत गेला आणि त्याला गार करायला जी हवा लागली असती ती फटीतून पळाली. तरी मी पुठ्ठा नसण्यालाच जास्त दोष देतो. पहिल्या तीन आणि पाचव्या खेपेलाही पुठ्ठा नव्हता आणि त्या बऱ्या पोचल्या, हे मला माहीत आहे. बोलून दाखवू नका.

तळोज्याहून फ्रोझन कोळंबी पाठवणाऱ्या मित्राला हे सगळं सांगितलं तर तो हसायलाच लागला. त्याचा माल उणे 18 ला, दगडासारखा, खोकी एकमेकांना घट्ट चिकटवून लावतात. हवा भोवतीने फिरली तरी पुरते. त्याचा माल मेलेला, आमचा जिवंत. रडगाणं जिवंतांचंच असतं.

ग्राहकसेवेला मात्र एक ताराही जास्तच. 11 मेल पाठवले, 8 वेळा एकच छापील उत्तर. क्लेम सर्व्हेअरच्या (नुकसान तपासणाऱ्याच्या) टेबलावर कुठेतरी आहे. पेटीमागे अडीच युरो कमी मिळाले, निवडून परत भरायची मजुरी वेगळी. आणि यार्डातल्या त्या 4 दिवसांच्या विजेचं बिल! जहाज यांचं लांबलं, प्लग यांचा, भुर्दंड आमच्या माथी. भांडून 2 दिवसांचे माफ करून घेतले, उरलेल्या दोन दिवसांसाठी अजून भांडतोय.

तर मशीनला साडेचार, माणसांना अर्धा. लॉगर सिमवालाच घ्या, पण तो दरवाज्याशी लटकवणार असाल तर पैसे वाया घालवू नका.

पुढच्या हंगामासाठी फाटक्या पेट्यांचे तीन गठ्ठे सुतळीने बांधून पॅकहाऊसच्या माळ्यावर टाकलेत. रद्दीवाला किलोला 9 रुपये देत होता. दिले नाहीत.