लाखाच्या कॉमानं आणलेला वैताग : जीसीसीची स्टँडर्ड लायब्ररी, ९ महिन्यांनंतर

जीसीसी म्हणजे सी प्लस प्लसचा फुकट कंपायलर, लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करणारा. त्याच्यासोबत तयार कोडची जी स्टँडर्ड लायब्ररी मिळते, तिच्यात काय काय येतं ते सांगत बसत नाही. व्हेक्टर, मॅप, स्ट्रिंग (डेटा ठेवायचे तयार प्रकार) सगळ्यांनी वापरलंय, कुठंबी चालतं, त्याबद्दल एका पैशाची तक्रार नाही. माझी तक्रार आकड्यांतल्या कॉमाची आहे.

लातूरच्या मोंढ्यात आमच्या काकाची आडत आहे. मागच्या दिवाळीआधी काका म्हणले, "बिलाच्या सॉफ्टवेअरवाला दरसाल पैसे घ्यायलाय, तू एवढं कॉम्प्युटर शिकलास तर तूच का करून देत न्हाईस?" मी हो म्हणालो, तिथंच फसलो. काम काय तर शेतकऱ्याची पट्टी काढायची, वजन गुणिले भाव, वजा हमाली-तोलाई, खाली निव्वळ रक्कम. दुकानातला पीसी विंडोज ७ वाला, २ जीबी रॅमचा, काका नवा घेणार नाहीत आणि मी कंपायलरला रुपया देणार नाही, म्हणून सी प्लस प्लस आणि जीसीसी. घरच्या सेकंडहँड लॅपटॉपवर लिनक्स आहे, तिथंच लिहायचं आणि तिथूनच मिनजीडब्ल्यूनं (विंडोजसाठीच्या जीसीसीनं) विंडोजचं एक्सई, म्हणजे चालणारी फाइल, काढायचं असा बेत.

घरी सगळं झकास. एसटीडी लोकेलला (आकडे कोणत्या देशाच्या पद्धतीनं छापायचे ते ठरवणारा लायब्ररीतला भाग) 'ईएन आयएन', म्हणजे भारतातली इंग्रजी, एवढं नाव दिलं की ३२ क्विंटल ५० किलो सोयाबीन, भाव ४,१५०, रक्कम १,३४,८७५ अशी आपल्या पद्धतीनं छापून यायची. एका ओळीत काम झालं म्हणून मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं.

पेनड्राइव्ह घेऊन मोंढ्यात गेलो तर आधी डीएलएल (प्रोग्रामला लागणारी लायब्ररीची वेगळी फाइल) सापडत नाही म्हणे. ते स्टॅटिक लिंक करून, म्हणजे लायब्ररी एक्सईतच घालून, मिटलं. मग एक्सई उघडायचं आणि लगेच मरायचं. बाहेर ट्रॅक्टर लागलेले, दहा-बारा शेतकरी पट्टीसाठी उभे आणि मी काळ्या खिडकीतला एरर वाचायलो, लोकेलचं नाव व्हॅलिड नाही. काका म्हणले, "राहू दे, हातानं लिहितो."

रात्री कळलं की कंपायलर एकच असला तरी लोकेलची भाजी-भाकरी खालच्या सी भाषेच्या मूळ लायब्ररीकडून येते. लिनक्सवर खाली ग्लिबसी असते, तिच्याकडं भारतीय लोकेलचा डेटा असतो. विंडोजवर जीसीसीच्या सी प्लस प्लस लायब्ररीला 'सी' नावाचं एकच लोकेल माहीत आहे, दुसरं काही मागितलं की सरळ एक्सेप्शन फेकते. आणि स्टँडर्डमध्ये (सी प्लस प्लसच्या अधिकृत नियमावलीत) बाकी कोणती नावं असलीच पाहिजेत असं बंधनच नाही, म्हणजे दोघंबी नियमात, चुकलो मीच.

लोकेल काढून टाकलं तर कॉमाच गेला. दिवसाची बेरीज १८४७२६० अशी यायला लागली आणि काका बोट ठेवून आकडे मोजायलेत. "आरं हे अठरा लाख हायेत का पावणेदोन लाख?" मग मी स्वतः स्ट्रिंगमध्ये कॉमा घुसवणारं फंक्शन लिहिलं. ते उधारीच्या आकड्यात वजाच्या चिन्हालाबी अंक समजायचं, ४५० रुपये उधारी असली की '-,४५०' छापायचं. डिसेंबरभर आमच्या दुकानातल्या पावत्या अशाच गेल्या. तेव्हा मी ह्या लायब्ररीला ५ पैकी दीड दिला असता, आणि त्यातला अर्धा नुस्ता फुकट आहे म्हणून.

पुण्यातला मित्र म्हणला, सर्व्हरवर टाक, ब्राउझरमध्ये चालव, कटकट नको. त्यानं अल्पाइन ह्या छोट्या लिनक्सचा कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेली पेटी) करून दिला. तिथं खाली मसल नावाची छोटी सी लायब्ररी असते. 'ईएन आयएन' दिलं, तिथंबी तोच एरर. म्हणजे 'लिनक्सवर चालतं' हे माझं म्हणणंसुद्धा खरं नव्हतं, माझ्या लॅपटॉपवर चालतं एवढंच खरं होतं. ग्लिबसी असली तरी ते लोकेल मशीनवर तयार केलेलं लागतं, नसलं तर तिथंबी हेच.

आता मत कुठं बदललं ते. तुरीचा सीझन उतरल्यावर, एप्रिलात, निवांत वाचत बसलो तेव्हा नमपंक्ट सापडलं, आकड्यांतली चिन्हं आणि गट ठरवणारा लायब्ररीतला क्लास. हे १९९८ च्या पहिल्या स्टँडर्डपासून लायब्ररीत आहे! त्याच्यापासून आपला छोटा क्लास काढायचा, गट कसे पाडायचे ते सांगणारं एक फंक्शन बदलायचं, कॉमा कोणता ते दुसऱ्यात सांगायचं, आणि मूळच्या 'सी' लोकेलवर बसवून द्यायचं. ३ आणि २ असे दोन बाइट परत दिले की शेवटचा गट तीन अंकांचा, पुढचे सगळे दोन-दोनचे. हजार, लाख, कोटी, कितीबी. वजाचं चिन्हबी नीट. विंडोज ७, माझा लॅपटॉप, अल्पाइन, तिन्हीकडं अक्षराला अक्षर तेच आउटपुट. नऊ ओळी. नऊ ओळींसाठी मी सहा महिने शिव्या दिल्या.

एक सांगतो, तुमचे दोन तास वाचतील. ३ आणि २ हे आकडे म्हणून द्यायचे, अक्षरं म्हणून नाही. मी आधी कोटमध्ये अक्षरं टाकली. '३' ह्या इंग्रजी अक्षराचा कोड ५१, म्हणजे लायब्ररीनं इमानदारीनं ५१ अंकांचा शेवटचा गट धरला आणि कॉमा आलाच नाही. पुन्हा एकदा तिला शिव्या घातल्या, पुन्हा चूक माझी.

एक घोळ मात्र कॉमापेक्षा मोठा होता. रक्कम मी पैशांत ठेवायचो, पूर्णांकात, लाँग टाइपमध्ये. हे ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटचं, विंडोजवर ४ च बाइटचं. ४ बाइटमध्ये मावतात २,१४,७४,८३,६४७ पैसे, म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. फेब्रुवारीत काकाची सीझनची बेरीज त्याच्या पुढं गेली आणि स्क्रीनवर उणे दोन कोटी. काका काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसला. ह्यात लायब्ररीचा दोष धरत नाही, उलट ठरलेल्या मापाचे टाइप तिच्यात आहेत, इंट ६४ वापरलं की मिटलं. पण मला शिकवताना ते कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही टर्बो सी वर शिकलो, क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएच हेच स्टँडर्ड असं समजून पास झालो, ते त्या कंपायलरच्या पेटीतलं होतं हे नोकरीला लागल्यावर कळलं.

पूर्णपणाचं बोलायचं तर उशीर ठरलेला धरा. रेजेक्स (मजकुरात नमुना शोधायची सोय) २०११ च्या स्टँडर्डमधलं, जीसीसीत धड चाललं २०१४ ला, ४.९ व्हर्जनमध्ये. त्याआधी कंपाइल व्हायचं आणि उत्तर चुकीचं द्यायचं, हे नसण्यापेक्षा वाईट. फॉरमॅट (मजकूर-आकडे साच्यात बसवायची सोय) २०२० चं, आलं २०२३ ला, १३ व्हर्जनमध्ये. म्हणून नवीन काही दिसलं की दोन-तीन वर्षं थांबा, तसंबी आपल्याला घाई कशाची आहे.

फाइलसिस्टीमनं (लायब्ररीतला फाइली-फोल्डर हाताळणारा भाग) मात्र खूश केलं. काकाला फोल्डरचं नाव 'तूर' असंच मराठीत पाहिजे होतं. विंडोजवर एफओपन ह्या फाइल उघडायच्या साध्या फंक्शननं ते उघडेना, फाइलसिस्टीमच्या पाथ क्लासमधून यूटीएफ ८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून दिलं की विंडोज ७ वरबी पहिल्या झटक्यात उघडलं.

तर आज ५ पैकी साडेतीन. चार देणार होतो, पण काल काकानं पट्टी हातात घेतली, कॉमा बघितला, मान हलवली आणि म्हणले, "आता हे आकडे बी मराठीतच येऊ दे की." शोधलं. ग्लिबसीच्या प्रिंटएफ ह्या छापायच्या फंक्शनमध्ये स्थानिक अंकांसाठी एक वेगळं चिन्ह आहे, पण ते ग्लिबसीपुरतंच, विंडोजवर काही नाही. दहा अंकांचा तक्ता हातानंच करावा लागणार. सोयाबीन येण्याआधी बघू म्हणलंय.