कंबरभर पाण्यात अकरा इंची कॉइलच बरी

मेटल डिटेक्टरसाठी दुसरी कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची जमीन वाचणारी चकती, घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी खोलीच विचारतात. किनाऱ्यासाठी, त्यातही पाण्यात उतरणाऱ्यांसाठी, मी आधी तीन गोष्टी विचारते. मीठ किती सोसते, लाटेत हातात राहते का, आणि माती-वाळू ढवळलेल्या पाण्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते सांगते का? माझा उजवा खांदा जुन्या दुखण्याचा आहे, त्यामुळे दुसरा प्रश्न मला जरा जास्तच जवळचा.

यंत्र माइनलॅब इक्विनॉक्स 800. ते 3 मीटर पाण्यापर्यंत चालतं. त्याच्यावर मी तीन कॉइल वापरते: सोबत येणारी 11 इंची गोल, वेगळी घ्यावी लागणारी 6 इंची गोल आणि 15 बाय 12 इंची लंबगोल. तिन्ही डबल-डी. म्हणजे आत दोन गुंडाळ्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात आणि पुढून मागे जाणारा मधला पट्टाच मुख्यतः जमीन वाचतो. काळी, लोहकणांची वाळू असली तर हा आकार बराच शांत राहतो.

आधी मोठीबद्दल, कारण मोह तिचाच होतो. उतरत्या ओहोटीला ओली, सपाट पुळण उघडी पडते, तेव्हा ती फार सुंदर काम करते. एका झोकात रुंद पट्टा निघतो आणि वेळ वाचतो. खोलीची अपेक्षा मात्र बेतानेच ठेवा. कॉइलपासून दूर असलेल्या लहान वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो, कारण चुंबकीय क्षेत्र जाताना घनाच्या प्रमाणात विरतं आणि परतताना पुन्हा तेवढंच. त्यामुळे कॉइल वाढवून हाती लागतात ते काही सेंटिमीटर. शिवाय क्षेत्र मोठ्या घेरात पसरल्यामुळे बारीक साखळी किंवा कानातलं उथळ असूनही तिच्याखालून निसटतं.

पाण्यात ती मी लावत नाही. तिचं क्षेत्रफळ अकरा इंचीच्या जवळपास दीडपट आहे. कड पुढे ठेवून आडवी फिरवताना जाणवणार नाही, पण लाट आली की तो सगळा पसारा वर उचलला जातो. आणि पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे घाईने दुप्पट वेगात फिरवलीत तर चौपट जोर लागतो. थोड्याच वेळात हात थकतो, कॉइल तळापासून उंच तरंगू लागते, आणि मिळवलेले ते चार सेंटिमीटर तिथेच जातात.

मिठाचंही तसंच. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि ते वीज वाहून नेतं. कॉइलच्या लेखी खारं पाणी म्हणजे सगळीकडे अंथरलेला कमकुवत धातूचा पत्रा. त्याचा प्रतिसाद पडतो नेमका पातळ सोनं आणि अॅल्युमिनियम फॉइल यांच्या पट्ट्यात. म्हणून मीठ गप्प करायला डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंचे आवाज गाळण्याची सोय) वाढवलं की नाजूक अंगठीही गप्प होते. कॉइल जितकी मोठी तितकं जास्त मीठ ती एका वेळी बघते आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बारीक सिग्नल पकडण्याची ताकद, तितकी खाली आणावी लागते. एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्रावर तर ओल्या वाळूत मोठी कॉइल लावूच नये. इक्विनॉक्ससारखं, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र मिठाचा हिशेब वजा करतं. पाण्यात उतरल्यावर मी यंत्रातला पाण्यासाठीचा मोड, बीच 2, लावते आणि आवाज स्थिर होईपर्यंत सेन्सिटिव्हिटी कमी करते.

सहा इंची हे खास कामाचं हत्यार आहे. खडकांच्या फटी, घाटाच्या पायऱ्यांचा तळ, जिथे खिळे आणि बाटल्यांची बुचं दाटीने पडलेली आहेत तिथे ती दोन शेजारच्या वस्तू वेगळ्या करते. बारीक कानातल्यांना तिचा आवाज स्पष्ट येतो. मोकळ्या पाण्यात मात्र अडचण वेगळी आहे. वाळूवर आपले ठसे दिसतात, पाण्याखाली दिसत नाहीत. अरुंद कॉइलने चालताना दोन झोकांमध्ये पट्टे सुटतात आणि ते सुटले हे कळतही नाही.

आता अकरा इंची. कंबरभर पाण्यात ती खांद्याला झेपते, आणि तिचा मधला पट्टा इतका रुंद असतो की झोक थोडा वाकडा गेला तरी चालतं. मला ती सर्वांत आवडते ती खणताना. सिग्नल आला की कॉइल हळूहळू स्वतःकडे ओढायची. आवाज जिथे तुटतो तिथे वस्तू कॉइलच्या टोकाच्या अगदी पुढे असते. तिथे पायाचा अंगठा टेकवायचा आणि स्कूप (वाळू उपसायचं भोकाभोकांचं फावडं) त्याच्यापुढे उतरवायचा. पाणी गढूळ असलं तरी ही पद्धत दगा देत नाही. सोनं जड असल्याने ते हलत्या वाळूतून खाली जाऊन कठीण थरावर थांबतं. म्हणून खड्ड्याचा तळ आणि बाहेर काढलेला ढीग, दोन्हीवर पुन्हा कॉइल फिरवते.

कोणतीही कॉइल घेतलीत तरी दोन गोष्टी सांभाळा. पाण्यात प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवा, कारण त्यात काळी वाळू साचली की खोटे आवाज येतात. आणि केबल दांड्याला घट्ट गुंडाळा. सैल केबल लाटेत हलली की यंत्र उगाच बोलतं आणि तुम्ही रिकामी वाळू उपसत बसता.

एक्सकॅलिबर 2 सारखं खोल पाण्याचं यंत्र घेणाऱ्यांना हा निर्णय खरेदीआधीच करावा लागतो, कारण तिथे कॉइल कायमची जोडलेली असते, बदलता येत नाही. बाकीच्यांनी आधी सोबतची अकरा इंची पुरती वापरावी. तुमच्या किनाऱ्यावर खडक आणि कचरा जास्त असेल तर पुढची खरेदी सहा इंचीची. लांब, सपाट ओहोटीची पुळण असेल आणि तुम्ही घोट्याच्या वर पाण्यात जात नसाल, तरच पंधरा बाय बारा.