नवी स्पोर्ट्स कार, पहिले हजार किलोमीटर: हायवे की सागरी मार्ग?

नवी गाडी आली की रत्नागिरीकर पहिली चक्कर आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला मारतो. स्पोर्ट्स कार घेतली असेल तर माझं ऐका, बाप्पाला आठवडाभर थांबायला सांगा.

कारण टायर. नव्या टायरला सुरुवातीला पकड कमी असते. बीएमडब्ल्यूचं गाडीसोबत येणारं पुस्तक पहिले ३०० किमी जपून चालवा म्हणतं. ब्रेकचे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसायला साधारण ५०० किमी. आणि आरे-वारेच्या उतरत्या वळणांवर वाळू, पुढे चिऱ्यांच्या ट्रकने सांडलेली लाल माती. मागच्या चाकांना तीन-चारशे घोड्यांची ताकद मिळते तिथे हा खेळ महागात पडतो.

मग मुंबई-गोवा हायवे? टायर-ब्रेकसाठी हो. पण इंजिनाची गोष्ट उलटी आहे. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून बसतात त्या ज्वलनाच्या दाबामुळे. हा दाब कमी-जास्त होत राहायला हवा. सिमेंटच्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल लावून तासभर एकाच वेगाने गेलात तर रिंगा बसत नाहीत, भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि गाडी पुढे ऑइल पिते. सागरी मार्ग इथे जिंकतो: चढ, उतार, दुसरा गिअर, तिसरा, पुन्हा दुसरा. गंमत म्हणजे इंजिनाला जे आवडतं तेच टायरला झेपत नाही.

तोडगा सोपा आहे. लांज्याच्या पुढे वाकेडपासून झारापपर्यंतचा चौपदरी पट्टा धरा आणि क्रूझला हात लावू नका. ५० वरून ९०, परत ६०, गिअर बदलत राहा. गाडी गिअर मागत असेल तर द्या, वरच्या गिअरात दामटू नका. संगमेश्वर-हातखंबा बाजूला मात्र वर्षानुवर्षं काम रेंगाळलंय. तिथले डायव्हर्जन खाली बसलेल्या गाडीचं पोट सोलून काढतात.

नवी गाडी किती जपायची याच्या मर्यादा कंपनीगणिक वेगळ्या. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना (त्यांच्या स्पोर्ट्स गाड्या) २००० किमीपर्यंत ५५०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि ताशी १७० ची मर्यादा, त्यानंतर ऑइल बदल. (१७० वर आपल्याकडे कायदाही जाऊ देत नाही आणि रस्त्यात बसलेली गुरंही.) पोर्श ३००० किमीपर्यंत जपायला सांगते. ‘हल्लीची इंजिनं कारखान्यातूनच सेट होऊन येतात’ असं सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो. पुस्तक तुमच्या गाडीचं वाचा, मित्राचं नको.

गाडी पुण्याहून आणणार असाल तर आणखी एक. ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा, कुठूनही या, कोऱ्या ब्रेकवर अख्खा सह्याद्री उतरायचाय. खालच्या गिअरात, इंजिनाच्या जोरावर उतरा. जमत असेल तर डिलिव्हरी मुंबईत घ्या: कशेडीला आता बोगदा आहे, आणि घरी पोचेपर्यंत तीनशेच्या वर किलोमीटर आपसूक होतात.

बाजारापर्यंतच्या चकरांना मात्र जुनी गाडी काढा. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल थंडच असतं, आणि पाच किमीत ते तापत नाही.

पाचशे झाले की खुशाल किनाऱ्याला वळा. फक्त जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या आधी भरती-ओहोटी बघा. ओहोटीला रॅम्पचा चढ वाढतो, तिरकी चढवलीत तरी बंपरचा ओठ टेकतोच.